पुढची शाळा ठरल्याशिवाय दाखला घेऊ नका

मुलगा चौदा वर्षांचा झाला की त्याला शाळेतून काढून कामाला लावायला कायद्याची हरकत नसते, असे अनेक घरांत धरून चालतात. मूल महिनाभर शाळेत गेले नाही तर दंड होईल, पोलीस दारात येतील, अशी धास्ती घेतलेले पालकही भेटतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींची किंमत मुलालाच मोजावी लागते. पहिलीमुळे ते लवकर शाळेबाहेर पडते. दुसरीमुळे पालक शिक्षकांना तोंड चुकवू लागतात, आणि वेळीच बोलले असते तर सुटला असता असा प्रश्न कायमचा होऊन बसतो.

महाराष्ट्रात मुलाने शाळेत जाणे कधीपर्यंत सक्तीचे आहे, ही सक्ती नेमकी कोणावर आहे, शाळा सुटण्याची वेळ आली तर कोणाकडे जायचे आणि सुटलेली शाळा पुन्हा कशी धरायची, हे प्रत्येक पालकाला माहीत असायला हवे. शेजारी, अंगणवाडीताई आणि सरपंचांनाही माहीत असायला हवे, कारण मूल शाळेतून गळते तेव्हा ते सगळ्या गावादेखत गळते.

सक्ती कोणावर आहे?

संविधानाच्या कलम २१ क ने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्यासाठीचा 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९' हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. 'सक्तीचे' म्हणजे काय, हे याच कायद्याने स्पष्ट केले आहे. मुलाला शाळेत दाखल करून घेणे, त्याची हजेरी राहील हे पाहणे आणि त्याचे आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण करून घेणे, ही जबाबदारी शासनाची आणि जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांसारख्या स्थानिक प्राधिकरणांची आहे. आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हेही त्यांच्याच कामात येते.

पालकांचे काय? मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे कलम १० सांगते. पण ते पार पाडले नाही म्हणून दंड किंवा कैद अशी कोणतीही शिक्षा या कायद्यात नाही.

हे नेहमीच असे नव्हते. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो बडोदे संस्थानभर नेला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक ब्रिटिश सरकारने फेटाळले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. स्वातंत्र्याच्या वर्षी झालेल्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यातही पालकांवर हजेरीचा आदेश काढण्याची आणि तो मोडल्यास दंडाची तरतूद होती. २००९ च्या कायद्याने हा भार पालकाकडून काढून शासनाकडे नेला.

म्हणून मूल शाळेत जाईनासे झाले असेल तर शाळेकडे जायला घाबरू नका. तुम्ही तिथे गुन्हेगार म्हणून जात नाही. मुलाला पुन्हा वर्गात आणण्यासाठी मदत करणे हे शाळेचे कामच आहे आणि ते मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

पहिली ते आठवी: नाव काढता येत नाही

आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही. मस्ती करतो, अभ्यासात मागे आहे, वारंवार गैरहजर असतो, यांपैकी कोणतेही कारण चालत नाही. 'तुमच्या मुलाचा दाखला घेऊन जा' असे तोंडी सांगून पालकांवर दबाव आणण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. अशा वेळी शांतपणे एवढेच म्हणा, 'हे मला लेखी द्या.' आठवीच्या आतल्या मुलाला काढून टाकत असल्याचे लेखी देणे कोणत्याही मुख्याध्यापकाला अवघड जाते, कारण ते कायद्याविरुद्ध आहे.

नापास होण्याबद्दलचा नियम मात्र बदलला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती स्वीकारली. या दोन वर्गांत मूल नापास झाले, तर त्याला जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घेतली पाहिजे. तीही पार पडली नाही तर ते त्याच वर्गात बसेल. पण त्याला शाळेबाहेर काढता येणार नाही. आठवीत मागे राहिलेल्या मुलाला 'आता चौदाचा झालास, घरी बस' असे कोणी सांगत असेल, तर त्या सांगण्याला कायद्याचा आधार नाही.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

• जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

• वर्ष सुरू होऊन गेले, प्रवेशाची तारीख उलटली, हे कारणही चालत नाही. आठवीपर्यंत वर्षाच्या मध्येही प्रवेश मागता येतो.

• मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींवर बंदी आहे. मूल एकाएकी शाळेत जायला नको म्हणू लागले, तर आधी या दिशेने चौकशी करा.

• जवळच्या शाळेचे अंतर पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत असावे, असा राज्याचा नियम आहे. ओढा, महामार्ग किंवा घाट ओलांडावा लागत असेल, तर गावातून अर्ज करून वाहतुकीची सोय मागावी.

• अपंगत्वाचे प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्या मुलांना २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने हा हक्क १८ वर्षांपर्यंत दिला आहे. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असेल तर घरी राहून शिकण्याचा पर्यायही मागता येतो.

गैरहजेरी लांबू लागली की

शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी सोमवार चुकतात, मग बाजाराचा दिवस, मग पेरणी-कापणीचे आठवडे. सलग महिनाभर गैरहजर राहिलेले मूल पटावर नाव असूनही शाळाबाह्य धरले जाते. बालमजुरीविरोधी नियमांनुसार मूल न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिले, तर मुख्याध्यापकाने त्याची माहिती जिल्ह्याच्या संबंधित अधिकाऱ्याला द्यायची असते. हेतू हा, की ते मूल कुठे कामाला जुंपले गेले आहे का, हे पाहिले जावे.

तेव्हा तिसाव्या दिवसाची वाट पाहू नका. आठवडाभरापेक्षा जास्त दिवस मूल शाळेत जाणार नसेल, तर कारण कोणतेही असो, शाळेला दोन ओळींचा अर्ज द्या. आजारपण असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. अर्ज दिला की शिक्षकाला मुलाचा ठावठिकाणा कळतो, अभ्यास पाठवता येतो, आणि मूल परत आल्यावर 'इतके दिवस कुठे होतास' या प्रश्नाचा मार त्याला सोसावा लागत नाही. अनेक मुले या एका प्रश्नाच्या भीतीने परत येत नाहीत.

घरातल्या कामाबद्दल कायदा काय म्हणतो? १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात, हॉटेलात, गॅरेजात, वीटभट्टीवर किंवा दुसऱ्याच्या घरी कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. ठेवणाऱ्याला ६ महिने ते २ वर्षे कैद, २० ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. स्वतःच्या शेतात किंवा घरच्या दुकानात मुलाने हातभार लावायला हरकत नाही. मात्र ते काम धोक्याचे नसावे आणि शाळा सुटल्यावर किंवा सुटीत असावे. शाळेच्या वेळेत, तसेच संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत ते करून घेता येत नाही. सकाळी म्हशींचे सगळे उरकून मगच शाळेत जाणारा मुलगा रोज दुसऱ्या तासाला वर्गात पोहोचत असेल, तर घरच्या वेळापत्रकात बदल करायला हवा. गणिताचा तास बहुधा सकाळचाच असतो आणि मूल आधी गणितातच मागे पडते.

कामासाठी गाव सोडताना

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, नगर, धाराशिवकडून निघतात आणि गाळप आटोपेपर्यंत फडावर असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा कोयता ठरलेला असतो. पहाटे दोघे फडात गेली की कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळायला दहा-अकरा वर्षांची थोरली मुलगी उरते. तिचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते, पण शाळेचे अर्धे वर्ष कोपीच्या दारात जाते. दोन-तीन हंगाम असे गेले की ती पाचवीत असूनही तिला दुसरीचे वाचन येत नाही, आणि मग घरचेच म्हणतात, 'हिला काही शिक्षणात गोडी नाही.'

अशा कुटुंबांनी निघण्याच्या महिनाभर आधी शाळेत जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, यंदा गावात हंगामी वसतिगृह आहे का? आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय या योजनेतून होते. गावातली किती मुले मागे राहणार, याची यादी शाळेने वेळेत पाठवलेली असावी लागते, म्हणून सप्टेंबरातच विचारलेले बरे. दुसरी, मुलांना सोबत न्यायचेच असेल तर शिक्षण हमी कार्ड मिळेल का? त्यावर मुलाचे नाव, इयत्ता आणि ते शिकून कुठवर आले आहे याची नोंद असते. ज्या गावात मुक्काम पडेल तिथल्या शाळेत हे कार्ड दाखवून मुलाला त्याच इयत्तेत बसवता येते आणि परतल्यावर पुन्हा आपल्या शाळेत.

कार्ड नाही, दाखला नाही, काहीच कागद नाहीत, तरी मुलाला घेऊन जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत जाच. आधीच्या शाळेने दाखला लगेच द्यायला हवा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शासकीय किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, असे कलम ५ सांगते. दाखला देण्यात चालढकल करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा दगडखाणीवर आलेल्या परप्रांतीय कुटुंबांच्या मुलांनाही हाच नियम लागू आहे.

चौदा वर्षे पूर्ण झाली, आता?

सर्वांत मोठी गफलत इथे होते. कायद्यातली चौदा वर्षे ही शाळा सोडण्याची तारीख नाही. शासनावरचे बंधन किमान कुठपर्यंत आहे, हे सांगणारी ती रेषा आहे. शाळेत उशिरा दाखल झालेल्या मुलाला चौदा उलटल्यानंतरही आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिकण्याचा हक्क आहे.

आठवीनंतर कायद्याचा आधार पातळ होतो हे खरे. नववी-दहावी सक्तीची नाही, आणि काढून न टाकण्याचे संरक्षणही आठवीपर्यंतच आहे. पण त्या मुलाला वाटेल त्या कामाला लावता येते, असा याचा अर्थ होत नाही. १४ ते १८ वयाच्या किशोरांना खाणीत, स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थांच्या कामात आणि कारखान्यांतल्या धोकादायक प्रक्रियांत ठेवायला बंदी आहे. जिथे कामाला परवानगी आहे, तिथेही विश्रांतीची वेळ धरून दिवसाला ६ तासांची मर्यादा, आठवड्याची सुटी आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम न देण्याचा नियम आहे. १८ वर्षांखालील मुलाला कामावर डांबून ठेवणे किंवा त्याची कमाई दाबून ठेवणे हा बाल न्याय कायद्याने गंभीर गुन्हा आहे. म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा ढाब्यावर रात्री अकरापर्यंत ताटे उचलत असेल, तर तिथे कायदा मोडला जातो आहे. वडिलांची संमती असली तरीही.

मुलींच्या बाबतीत आठवीनंतरचे पहिले कारण बहुधा अंतर असते. पुढची शाळा दुसऱ्या गावात, रस्ता निर्जन, आणि मग बोलणी सुरू होतात ती लग्नाची. मुलीचे १८ आणि मुलाचे २१ वय पूर्ण होण्याआधीचे लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. गावपातळीवर ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कोणालाही कळवता येते. अंतरावरही उपाय आहेत. ग्रामीण भागात मुलींना शाळेत जाण्यासाठी बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. बारावीपर्यंत मुलींना शिक्षण शुल्कही माफ आहे. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आणि मागास तालुक्यांतली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये यांचीही चौकशी करावी. चार-पाच मुली एकत्र जाणार असतील तर पालकांची भीती निम्मी होते, म्हणून आठवीच्या वर्गातल्या सगळ्या आयांनी एकदा एकत्र बसून हा विषय बोलून घ्यावा.

पैशांची अडचण असेल तर आठवीतच एक परीक्षा चुकवू नका: राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजेच एनएमएमएस. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या घरांतली मुले या परीक्षेला बसू शकतात. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. आठवीनंतरच मुले गळतात म्हणूनच ही शिष्यवृत्ती नववीपासून आहे. आठवी सुरू झाली की पहिल्या महिन्यातच वर्गशिक्षकांना तिच्याबद्दल विचारा.

नववीबद्दल एक सावधगिरी. नववीत कच्च्या राहिलेल्या मुलाला 'दाखला घ्या आणि बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा' असा सल्ला सहज दिला जातो. शाळेचा दहावीचा निकाल चांगला दिसतो, पण मूल एकटे पडते. सतरा नंबर ही ज्यांची शाळा आधीच सुटली आहे त्यांच्यासाठीची वाट आहे. नियमित शाळेत असलेल्या मुलाला तिकडे ढकलू नये. नापास झालेल्या मुलाने पुन्हा नववीत बसण्याची मागणी करावी आणि वर्गात टिकून राहावे. हजेरीकडेही लक्ष असू द्या. सीबीएसईत दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, आणि इतर मंडळांच्या शाळांतही वर्षाच्या सुरुवातीलाच हा नियम विचारून घ्यावा.

दाखला हातात घेण्यापूर्वी

शाळा सोडल्याचा दाखला हा साधा दिसणारा कागद माणसाला आयुष्यभर पुरतो. त्यावर रजिस्टर क्रमांक, विद्यार्थ्याचे आणि आईचे नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि 'शाळा सोडण्याचे कारण' असे रकाने असतात. जातीचा दाखला, जात पडताळणी, पासपोर्ट, नोकरी, सगळीकडे हाच कागद मागतात. पुढे नातवंडांच्या जात पडताळणीतही आजोबांचा दाखला शोधावा लागतो.

म्हणून माझा आग्रह आहे: पुढची शाळा, आयटीआय किंवा अभ्यासक्रम ठरल्याशिवाय दाखला घेऊ नका. दाखला घेतला की मुलाचे नाव पटावरून कमी होते, शिक्षकांचा पाठपुरावा थांबतो आणि घरातही 'शाळा संपली' असे वातावरण तयार होते. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'पुढील शिक्षणासाठी' असे लिहिता येईल, तेव्हाच तो कागद घरी आणा. उत्पन्नाचा दाखला, बसचा पास, बँक खाते किंवा एखादी योजना एवढ्यासाठी शाळेचा कागद हवा असेल, तर बोनाफाइड प्रमाणपत्र मागा. बहुतेक कामे त्यावर होतात.

दाखला घ्यायची वेळ आली, की कार्यालयाच्या खिडकीपाशीच तो शेवटपर्यंत वाचा. नावाची आणि आडनावाची जोडाक्षरे, आईचे नाव, जन्मतारखेचे अंक आणि अक्षरे, जात-पोटजात, सगळे आधारकार्डाशी आणि जन्मनोंदीशी ताडून पाहा. चूक असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यानंतर तीच दुरुस्ती करायला अर्ज, पुरावे आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी असे खेटे घालावे लागतात. आठवी पूर्ण केलेल्या मुलाला ते पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळण्याचाही हक्क आहे, तेही मागून घ्या.

शाळा ऐकत नसेल तर

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती, या क्रमाने जा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. म्हणजे समितीवर तुमचीच माणसे आहेत. मुलांची गळती हा विषय बैठकीत मांडा आणि इतिवृत्तात त्याची नोंद होईल हे पाहा.

तिथेही काम झाले नाही तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). शहरात महानगरपालिकेचा किंवा नगरपालिकेचा शिक्षण विभाग. तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असे कलम ३२ सांगते. त्या निर्णयाने समाधान झाले नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. मूल कामावर डांबलेले असेल, छळ होत असेल किंवा लग्न ठरले असेल, तर अर्जाची वाट न पाहता लगेच १०९८ ला फोन करा.

अर्ज लांबलचक नसावा. पुढील नमुन्यात आपली माहिती भरा:

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, (तालुका)

विषय: इयत्ता सहावीत प्रवेश नाकारल्याबाबत.

महोदय/महोदया,
माझी मुलगी (नाव, वय) ही (आधीची शाळा, गाव) येथे सहावीत शिकत होती. आमचे कुटुंब कामानिमित्त (गाव) येथे राहायला आले आहे. दिनांक (तारीख) रोजी मी तिला (शाळेचे नाव) येथे प्रवेशासाठी घेऊन गेलो असता, शाळा सोडल्याचा दाखला नसल्याचे कारण सांगून प्रवेश नाकारण्यात आला. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ५ नुसार दाखला मिळण्यास विलंब झाल्याच्या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. तरी माझ्या मुलीला तातडीने प्रवेश मिळवून द्यावा व आधीच्या शाळेस दाखला पाठवण्याचे निर्देश द्यावेत, ही विनंती.

आपला/आपली,
(नाव, सही, पत्ता, मोबाइल क्रमांक)

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच जपून ठेवा. तीन महिन्यांची मुदत तिच्यावरच्या तारखेपासून मोजता येते आणि पुढे अपिलात तीच कामी येते.

शाळा सुटलीच असेल तर

परतीच्या वाटा बऱ्याच आहेत. ६ ते १४ वयाचे मूल असेल तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. कधीच शाळेत न गेलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी पहिलीत लहानग्यांमध्ये बसणार नाही; ती पाचवीत बसेल, आणि मागचा अभ्यास भरून काढण्यासाठी तिला विशेष प्रशिक्षण मिळेल. हे प्रशिक्षण किमान तीन महिने चालते आणि गरज असेल तर दोन वर्षांपर्यंत वाढवता येते. ते मिळते आहे ना, हे पालकांनी दर महिन्याला विचारावे. नुसते पाचवीत बसवून सोडून दिले तर काही आठवड्यांत ती पुन्हा घरी येईल.

चौदाच्या पुढच्या मुलांसाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस, हे पर्याय आहेत. एनआयओएसमधून १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते आणि विषय टप्प्याटप्प्याने देता येतात. हाताच्या कामात रमणाऱ्या मुलासाठी आयटीआय आहे. तिथले काही व्यवसाय आठवी उत्तीर्णांसाठीही खुले असतात, पण दहावीनंतर निवड फार मोठी होते. शक्य असेल तर दहावी करूनच तिकडे जावे.

वाट निवडण्याआधी मात्र मुलाला विचारा, आणि रागाने विचारू नका. शाळा का सोडलीस, हा प्रश्न त्याला आरोपासारखा लागतो. कोणता विषय कळेनासा झाला? वर्गात कोण चिडवत होते? येण्या-जाण्यात कसली भीती वाटत होती? घरी पैसे नाहीत म्हणून तूच ठरवलेस का? असे प्रश्न विचारले की उत्तरे येतात, आणि प्रत्येक उत्तरावर वेगळा उपाय असतो. विषय कळत नसेल तर शिकवणाऱ्याची सोय, चिडवणे असेल तर शाळेत जाऊन बोलणे, भीती असेल तर सोबत, पैसे नसतील तर शिष्यवृत्ती किंवा वसतिगृह. उपाय न शोधता मुलाला पुन्हा त्याच बाकावर नेऊन बसवले तर ते फार दिवस टिकत नाही.

कायद्याने आठवीपर्यंतची जबाबदारी शासनावर टाकली आहे. पुढची चार वर्षे, म्हणजे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंतचा काळ, सर्वांत निसरडा आहे, आणि तिथे कायदा मागे राहतो. तो भाग पालकांनी, शिक्षकांनी आणि गावाने भरून काढायचा आहे. दर जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात आपल्या आळीतली, वस्तीतली कोणती मुले नववीत गेली नाहीत, याची यादी करा. ती शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती द्या आणि समितीतल्या एका पालकाला सोबत घेऊन त्या प्रत्येक घरी जा.